कयाकचं माप नेमकं कशावरून घ्यायचं?

प्रश्न: मी आणि नवरा मिळून एकच कयाक (पाय आत पुढे करून बसायची, वल्ह्याने चालवायची अरुंद नाव) घ्यायचा विचार आहे, आलटून पालटून चालवू. माझी उंची ५ फूट २ इंच, वजन ५४ किलो, आणि नवरा चांगला ६ फुटी, ९६ किलोचा. जायचं फक्त शांत तलावात, सुट्टीच्या दिवशी दोन-तीन तास. कोणी म्हणतं १० फुटी बास झाली, कोणी म्हणतं १२ च्या खाली बघूच नका. किती फुटी घेऊ?

उत्तर: सगळे आधी फूटच विचारतात बघा, आणि खरं तर तो प्रश्न तिसऱ्या नंबरवर यायला हवा. पहिला प्रश्न वजनाचा. बहुतेक कयाकवर ती कमाल किती भार पेलते ते लिहिलेलं असतं आणि त्यात नुसता माणूस नाही, लाइफ जॅकेट, पाण्याच्या बाटल्या, डबा, ओले कपडे सगळं धरायचं, शिवाय त्या आकड्यापर्यंत भरायचीच नाही, साधारण ७० टक्क्यांवर थांबायचं, कारण त्याच्यापुढे नाव खाली बसते, जड चालते आणि जरा लाट आली की पाणी आत. म्हणजे १२० किलो लिहिलंय तर ८४ धरा, इथेच नवरोबा बाद झाले! त्यांचे ९६ आणि सामान ७-८ किलो म्हटलं तर १५० किलोवाली तरी लागेल.

आता गंमत अशी की तीच नाव तुम्हाला मोठी होणार. ५४ किलोचा माणूस बसला की ती पाण्यावर फार वर तरंगते आणि वारा सुटला की टोक वाऱ्याकडे वळत राहतं, तुम्ही अर्धा वेळ नुसती दिशा सरळ करण्यात घालवाल. याला साधा उपाय आहे, तुमच्या पाळीला पाण्याचे भरलेले कॅन सीटच्या मागेपुढे अगदी तळाशी ठेवायचे, पण घट्ट बांधून, नाहीतर नाव कलली की ते पण त्याच बाजूला घरंगळतात आणि मग विचारायलाच नको.

दुसरी गोष्ट रुंदी. ३२-३४ इंचवाली स्थिर वाटते म्हणून लोक तीच उचलतात, पण कमी उंचीच्या माणसाला वल्हं पाण्यात घालायला दरवेळी बाहेर वाकावं लागतं, बोटं कडेला घासतात, तासाभरात खांदे भरून येतात. तुम्ही २८-२९ इंचाच्या वर जाऊ नका, आणि वल्हं मात्र दोघांना दोन घ्या, त्यात काटकसर नको (किंवा लांबी कमीजास्त करता येणारं एकच घ्या).

आता फूट. लांब नाव जास्त वेगाने जाऊ शकते हे खरंय, पण हिशोब केला तर १० फुटांवरून १२ वर गेल्याने कमाल वेगात ताशी पाऊण किलोमीटरच्या आसपासच फरक पडतो, आणि तलावात रमतगमत फिरताना त्या कमाल वेगाच्या जवळ कोण जातंय! खरा फरक सरळ जाण्यात पडतो, १२ फुटी जास्त सरळ चालते, १० फुटी पटकन वळते आणि उचलायला हलकी. तुमच्या दोघांचं गणित बघता मी १२ फुटीच घेईन. फक्त ती गाडीच्या टपावर कोण चढवणार हे आधी ठरवा. प्लॅस्टिकची १२ फुटी सहज २०-२५ किलोची असते, माझी पहिली १४ फुटी याच कारणाने वर्षभर भिंतीला टेकून उभी होती.

आणि घ्यायच्या आधी दोघांनीही बसून बघा, दुकानात जमिनीवर बसलात तरी चालेल, लाजू नका. पाय टेकायच्या खुंट्या सरकवल्यावर गुडघे थोडे वाकलेले राहून मांडीला वर आधार मिळाला पाहिजे, कमरेच्या दोन्ही बाजूंना बोट-दोन बोटं जागा हवी. तुम्हाला सैल होईल, तिथे फोमचे तुकडे बसवता येतात. नवऱ्याला घट्ट झाली तर मात्र काही करता येत नाही. त्यांना बूट घालूनच बसवा, मोठ्या पावलांना पुढच्या भागात जागा पुरत नाही हे बऱ्याचदा पाण्यात गेल्यावरच कळतं. मग झटकन बाहेर पडून बघायला सांगा, गुडघे अडकले तर ती नाव नको, कितीही आवडली तरी.

प्रश्न: मुलगा ११ वर्षांचा आहे. वाढत्या अंगाची म्हणून मोठ्या माणसाचीच कयाक घेतली तर?

उत्तर: शर्ट चालतो हो वाढत्या अंगाचा, बाह्या दुमडता येतात! मोठी नाव त्याच्याने वळणार नाही, वारा आला की परत आणता येणार नाही, आणि दोन वेळा रडकुंडीला आला की तिसऱ्यांदा येणारच नाही. मुलांच्या ६ ते ८ फुटी, अरुंद आणि हलक्या येतात, तशी सेकंडहँड बघा, मुलं वाढतात त्यामुळे लोक विकतातच. वल्हं पण मुलांचंच घ्या, दांडा बारीक असतो, मुठीत मावतो. लाइफ जॅकेट वयावर नाही, वजनावर बघून घ्यायचं, आणि ते सेकंडहँड नको.