जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाखचं लाडकं वाद्य क्लॅव्हिकॉर्ड, म्हणजे एक अगदी हळू आवाजाचं कीबोर्ड वाद्य होतं, असं त्याच्या पहिल्या चरित्रकारानं लिहिलंय. ते खरं मानायचं का?

तुम्ही ज्या वाक्याबद्दल विचारताय ते योहान निकोलाउस फोर्केलचं. त्याचं बाखचरित्र १८०२ साली लायप्झिगला छापलं गेलं. बाखला सगळ्यात जास्त क्लॅव्हिकॉर्ड वाजवायला आवडायचं, हार्पसिकॉर्ड या दुसऱ्या कीबोर्ड वाद्यात त्याला पुरेसा जीव वाटत नसे आणि पियानो तेव्हा फारच बाल्यावस्थेत होता, असं तो लिहितो. माझं मत आधीच सांगतो. बाख घरी क्लॅव्हिकॉर्ड वाजवायचा, हे मी मानतो. ते त्याचं ‘सगळ्यात लाडकं’ वाद्य होतं, हे मात्र मी मानत नाही.

फोर्केलचा जन्म १७४९ चा आणि बाख गेला १७५० मध्ये. म्हणजे फोर्केलनं बाखला कधी ऐकलेलं नाही. त्याची माहिती मुख्यतः बाखच्या दोन थोरल्या मुलांकडून आली, विल्हेल्म फ्रीडेमान आणि कार्ल फिलिप इमानुएल यांच्याकडून. इमानुएलची फोर्केलला लिहिलेली पत्रं १७७० च्या दशकातली आहेत. फ्रीडेमाननं वडिलांचं घर सोडलं १७३३ मध्ये आणि इमानुएलनं १७३४ मध्ये. इतक्या जुन्या आठवणी आहेत या. त्यातून इमानुएल स्वतः क्लॅव्हिकॉर्डचा केवढा भक्त! १७७२ मध्ये इंग्रज प्रवासी बर्नी हॅम्बुर्गला त्याच्या घरी गेला, तेव्हा इमानुएलनं झिल्बरमान या कारागिरानं बनवलेल्या आपल्या क्लॅव्हिकॉर्डवर वाजवून पाहुण्याला थक्क केलं होतं. फोर्केलचीही आवड तीच. त्या पिढीला भाव हवा होता, सूर दाबून थरथरवता यायला हवा होता. क्लॅव्हिकॉर्डमध्ये पट्टी दाबली की पितळी पातं तारेला भिडतं आणि पट्टी दाबलेली आहे तोवर भिडूनच राहतं. त्यामुळे बोटाखाली सूर हलवता येतो, आपल्या आंदोलनासारखा. हार्पसिकॉर्डमध्ये पिसाच्या देठाची नखी तार छेडते आणि सुटते. मग बोटाच्या हाती काही उरत नाही. आपल्याला जे मोलाचं वाटतं ते वडिलांनाही वाटत असणार, असं मुलाला वाटणं स्वाभाविक आहे. इमानुएल खोटं बोलला असं मी म्हणत नाही.

आता याच इमानुएलनं फोर्केलला कळवलेली दुसरी गोष्ट पाहा. वडिलांच्या वाद्यांना नख्या बसवणं आणि ती सुरात लावणं दुसऱ्या कुणालाच त्यांच्या मनासारखं जमत नसे, म्हणून ते सगळं स्वतःच करत. क्लॅव्हिकॉर्डला नख्या नसतातच! म्हणजे हा माणूस हार्पसिकॉर्डवर स्वतःच्या हातांनी मेहनत घेत होता. ही आठवण मला आवडीनिवडीच्या विधानापेक्षा जास्त विश्वासार्ह वाटते, कारण ती डोळ्यांनी पाहिलेली आहे.

शिवाय कागदपत्रं आहेत. बाखच्या मृत्यूनंतर झालेल्या मालमत्तेच्या यादीत पाच हार्पसिकॉर्ड आहेत. त्यांतलं एक ८० थालरचं (थालर म्हणजे तेव्हाचं जर्मन चांदीचं नाणं), आणि ‘शक्यतो घरातच राहावं’ अशी त्याच्यापुढे नोंद आहे. दोन ल्यूटसारख्या आवाजाची कीबोर्ड वाद्यं आहेत आणि एक ३ थालरचं छोटं स्पिनेट, म्हणजे हार्पसिकॉर्डचाच लहान प्रकार. क्लॅव्हिकॉर्ड या नावानं त्यात एकही वाद्य नाही. धाकट्या योहान क्रिस्टियानला बाखनं हयातीतच ‘पायपट्टीसह तीन क्लाविअर’ दिली होती, आणि ती क्लॅव्हिकॉर्डच असावीत असं पुष्कळ अभ्यासक म्हणतात. शक्य आहे. पण ‘क्लाविअर’ म्हणजे त्या काळी कुठलंही कीबोर्ड वाद्य. शतकाच्या उत्तरार्धात तो शब्द जर्मनीत क्लॅव्हिकॉर्डकडे झुकला. बाखच्या १७२२ च्या ‘वेल-टेम्पर्ड क्लाविअर’ या संग्रहाच्या नावातला शब्द फोर्केलच्या काळातल्या अर्थानं वाचला की घोटाळा होतो. जिथे बाखनं छापील पानावर वाद्याचं नाव नेमकेपणानं दिलं, उदाहरणार्थ १७३५ च्या इटालियन कॉन्चेर्तोच्या संग्रहावर किंवा गोल्डबर्ग व्हेरिएशन्सवर, तिथे दोन कीबोर्डांचं हार्पसिकॉर्ड असंच लिहिलंय.

मग फोर्केलचं म्हणणं सरळ फेकून का देत नाही? कारण आग्रिकोला. हा बाखचा प्रत्यक्ष शिष्य. त्यानं लिहून ठेवलंय की एकट्या व्हायोलिनसाठी रचलेल्या कृती बाख स्वतः पुष्कळदा क्लॅव्हिकॉर्डवर वाजवायचा आणि हवी तेवढी हार्मनी भरत जायचा. ही साक्ष मला फार प्रिय आहे. तीत कशाची बाजू घेतलेली नाही, कुणाशी तुलना नाही. शिष्यानं पाहिलं ते सांगितलं.

तुम्ही क्लॅव्हिकॉर्डवरचं बाख अजून ऐकलं नसेल तर जरूर ऐका, पण एक करा. रेकॉर्डिंगमध्ये आवाज वाढवलेला असतो. तो इतका कमी करा की खोलीतल्या पंख्याखाली दबेल, मग पंखा बंद करा आणि जवळ बसा. साधारण तेवढाच आवाज असतो त्या वाद्याचा. लायप्झिगमधल्या झिमरमानच्या कॉफीघरात श्रोत्यांसमोर हार्पसिकॉर्ड कॉन्चेर्तो वाजवणाऱ्या बाखला तिथे ते वाद्य चाललंच नसतं. रात्री घरी, एकट्यासाठी मात्र नक्की चाललं असेल.