वाचक विचारतात : वर्ग भरले, हात अजून बसलेला नाही

प्रश्न : आमचं बीड जिल्ह्यातलं वरिष्ठ महाविद्यालय. कोरोनात बंद पडलेले वर्ग ऑक्टोबर 2021 मध्ये पुन्हा भरले. बीएस्सी द्वितीय वर्षाच्या मुलांनी पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकलं फक्त मोबाइलवर पाहिलीत. आता टायट्रेशनला, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबथेंब सोडून त्याचं प्रमाण मोजताना, एकाचं रीडिंग दुसऱ्याशी जुळत नाही. मागचं सगळं पुन्हा घ्यायचं म्हटलं तर तास कुठून आणायचे? – रसायनशास्त्राचे प्राध्यापक

उत्तर : सर, सगळं घेऊ नका. पोरांना समीकरण लिहिता येतं, अडतंय ते हातात. पहिली दोन प्रॅक्टिकलं नुसत्या पाण्यावर घ्या. ब्युरेट, म्हणजे खुणा आणि तोटी असलेली काचेची नळी, सरळ लावायची, भरून झाली की नरसाळं काढायचं, तोटीखालच्या टोकातला बुडबुडा घालवायचा आणि डोळा पातळीला आणून नळीतल्या द्रवाच्या वक्र पृष्ठभागाच्या तळाशी रीडिंग घ्यायचं. रीडिंग बिघडतं ते बऱ्याचदा इथंच. नरसाळं तसंच राहिलं तर मध्येच थेंब गळून पातळी वर येते. बुडबुडा टायट्रेशन चालू असताना निघाला, तर फ्लास्कमध्ये न पडलेलं द्रावणही हिशेबात धरलं जातं.

मग खरं टायट्रेशन. ब्युरेट आणि पिपेट ज्या द्रावणानं भरायची, त्यानंच आधी खंगाळायची. कॉनिकल फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड पाण्यानं. मुलं नेमकं उलटं करतात. आम्लानं खंगाळलेल्या फ्लास्कमध्ये मोजून घेतलेल्या 10 मिलीच्या वर आम्ल राहतं, ब्युरेटमधलं अल्कली जास्त लागतं आणि रीडिंग वाढतं. रंग बदलून शेवट दाखवणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब पुरेत. व्हिडिओत गडद गुलाबी रंग उठून दिसतो, म्हणून मुलं तिथवर अल्कली सोडत राहतात. थांबायचं असतं अर्धा मिनिट टिकणाऱ्या फिक्या गुलाबीवर. फ्लास्कखाली कोरा कागद ठेवला की तो कळतो. शेवटी एकेक थेंब, आणि रीडिंगं 0.1 मिलीच्या आत जुळेपर्यंत पुन्हा.

दोघांत एक ब्युरेट द्या. चौघांत दिली की दोघं काम करतात आणि दोघं जर्नल उतरवतात, हे सांगायला नको.

प्रश्न : पर्याय निवडायच्या ऑनलाइन परीक्षा देऊन आलेली मुलं तीन तासांचा पेपर दीड तासात सोडून उठतात. काय करावं? – मराठीच्या प्राध्यापिका, लातूर

उत्तर : मॅडम, तास संपायच्या आधीची दहा मिनिटं लिहिण्याला द्या. एक पाच मार्कांचा प्रश्न, सुटं पान, पुस्तक बंद. साठ पानं रोज तपासणं कुणालाच जमणार नाही. दहा काढा, दर वेळी वेगळ्यांची. महिन्याभरानं सलग वीस मिनिटं, मग चाळीस. नोट्स उतरवून देऊन हे साधत नाही. त्यात पेन चालतं, पण वाक्य स्वतःचं जुळवावं लागत नाही.

प्रश्न : आई-वडील ऊसतोडीला जातात. धाकटी भावंडं सांभाळायला मलाही जावं लागतं. वर्ग ऑनलाइन होते तेव्हा फडावरून निदान तास ऐकता यायचे. आता हजेरी आणि परीक्षेचं काय? – बीए तृतीय वर्षाची विद्यार्थिनी

उत्तर : ताई, आधी भावंडांचं पाहा. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते. गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना टोळी निघायच्या आधीच गाठा. मोठ्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा. त्यांची सोय लागली तर तुमचं जाणंच टळेल.

जावंच लागलं तर विभागप्रमुखांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ‘बघू, करू काहीतरी’ या तोंडी आश्वासनावर हंगाम काढू नका. हजेरी भरली नाही म्हणून परीक्षा अर्ज अडला की ते वाक्य कुणालाच आठवत नाही. अंतर्गत चाचणीच्या तारखा आधी विचारून ठेवा.

परीक्षेचा किंवा शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज भरताना मोबाइल नंबर स्वतःचा टाका. वडिलांचा टाकला तर ओटीपी त्यांच्या खिशातल्या फोनवर येतो, ते फडात आणि तुम्ही तालुक्याच्या सायबर कॅफेत, तोवर त्याची मुदत संपते. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीसाठी बँक खातं आधारला जोडलेलं आहे ना, तेही निघण्यापूर्वी बँकेत बघून घ्या.

तुमच्या प्राध्यापकांनाही एक विनंती : तासाचा व्हिडिओ नको, दहा मिनिटांचा ऑडिओ पाठवा. फडावर रेंज येते-जाते, आणि मोळ्या बांधताना कानानं ऐकता येतं.