पावसाळ्यात खराब होणाऱ्या प्लेस्टेशन २ च्या डिस्कची कॉपी घरी करता येते का?

हो, येते, आणि मिरगाआधीच करून ठेवा. मी रत्नागिरीचा, आमच्याकडे श्रावणापर्यंत कपाटातल्या डिस्कवर पांढरट बुरशीचे ठिपके उमटतात. आधी डिस्क मऊ सुती कापडाने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल अजिबात नको. तसा ओरखडा डेटाच्या वाटेवरूनच लांब पडतो आणि ड्राइव्हला तो भाग भरून काढता येत नाही.

मग कॉम्प्युटरच्या साध्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये घालून इमेजबर्न या डिस्क कॉपी करण्याच्या प्रोग्रॅमने आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच फाइल, बनवा. एका थराची डिस्क ४.७ जीबीपर्यंत, दोन थरांची ८.५. पहिल्या प्लेस्टेशनच्या सीडीला मात्र बिन-क्यू (एक डेटाची, एक ट्रॅकच्या यादीची, अशी फाइलींची जोडी) घ्या, नाहीतर गाण्यांचे ट्रॅक गळतात.

कोऱ्या डिस्कवर उतरवलेली कॉपी मूळ कन्सोल स्वीकारत नाही, कारण अस्सलपणाची खूण बर्नरला लिहिताच येत नाही. फाइल पीसीएसएक्स२ वर, म्हणजे कॉम्प्युटरवर प्लेस्टेशन २ ची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, चालते. त्याला तुमच्याच कन्सोलची बायोस, म्हणजे कन्सोल सुरू करणारा त्याच्या आतला मूळ प्रोग्रॅम, लागते. स्वतःच्या डिस्कची सुरक्षेपुरती कॉपी १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसते, मित्रांना वाटणं बसत नाही.

मूळ डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सिलिका जेलची पुडी टाकून.