आरियसचा विरोधकच पाखंडी कसा ठरला?

प्रश्न : चौथ्या शतकातला अपोलिनारिस हा आरियसचा (पुत्र, म्हणजे ख्रिस्त, हा पित्याहून कमी असे शिकवणारा धर्मगुरू) कट्टर विरोधक आणि आरियसशी झगडणाऱ्या बिशप अथनासियसचा मित्र. मग चर्चने त्यालाच पाखंडी का ठरवले?

उत्तर : अपोलिनारिस सीरियातल्या लाओदिकियाचा बिशप. पुत्र पित्याइतकाच देव आहे, हा नायसिया परिषदेचा (325) निर्णय त्याला पूर्ण मान्य होता. घोटाळा झाला तो पुढच्या पायरीवर. ‘शब्द (म्हणजे देवाचा पुत्र) देही झाला’ हे खरे, पण त्या देहाचा कारभार कोण पाहत होते? माणसाचे शरीर, त्याला जिवंत ठेवणारा प्राण आणि विचार-निर्णय करणारी बुद्धी असे तीन घटक तो धरी. ख्रिस्तात पहिले दोन मानवी. बुद्धीच्या जागी मात्र थेट शब्द, असे त्याचे म्हणणे. दोन पूर्ण वस्तूंची मिळून एक वस्तू होत नाही, तसे मानले तर दोन पुत्र मानावे लागतील, ही त्याची भीती. शिवाय मानवी बुद्धी चंचल, पापाकडे झुकणारी. ती ख्रिस्तात ठेवली तर तारणाची हमी कोण देणार?

युक्तिवाद हुशारीचा, पण अटकेआधी येशूने जिथे प्रार्थना केली त्या गेथशेमाने बागेत तो अडतो. ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको तर तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे’ यातली ‘माझी इच्छा’ मग कोणाची? लूकच्या शुभवर्तमानात (2:52) येशू ज्ञानाने वाढत गेला असे आहे. सर्वज्ञ शब्द ज्ञानाने वाढेल कसा? त्याच काळातल्या नाझियान्झसच्या ग्रेगरी या धर्मशास्त्र्याने क्लेदोनियस या धर्मगुरूला लिहिलेल्या पत्रात नेमके मर्मावर बोट ठेवले : जे ख्रिस्ताने धारण केले नाही, ते बरेही झाले नाही. आदामाची घसरली ती आधी बुद्धीच, आणि हा तीच वगळतो!

गंमत अशी, की ख्रिस्ताला विचार-निर्णय करणारा मानवी आत्मा नव्हता हे आरियसपंथीयही म्हणत. त्यामुळे येशूची भूक, भीती ते थेट शब्दाला लावत आणि त्याला देवाहून कमी ठरवत. अपोलिनारिसने त्यांचा निष्कर्ष खोडला, गृहीतक तसेच ठेवले. 381च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने या मताचा धिक्कार केला.

प्रश्न : त्याचे लेखन आज मिळते का?

उत्तर : बरेचसे गेले. काही टिकले ते लबाडीमुळे : अनुयायांनी ते अथनासियस, पोप ज्यूलियस यांच्या नावांवर खपवले. ‘देव-शब्दाचा देहधारी झालेला एकच स्वभाव’ हे अपोलिनारिसचे सूत्र पाचव्या शतकातला अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल अथनासियसचे समजून वापरत राहिला. पण तेवढ्यावरून सिरिलला अपोलिनारिसपंथी म्हणू नये. ख्रिस्ताला बुद्धियुक्त मानवी आत्मा होता, असे तो स्वच्छ लिहितो. कॅल्सेडन परिषदेने (451) केलेल्या ख्रिस्ताविषयीच्या व्याख्येत ‘बुद्धियुक्त आत्मा आणि शरीर’ हे शब्द आले, ते हीच फट बुजवायला.