ओसरीत नेट, मागच्या खोलीत अंधार

प्रश्न : आमचं घर आर्वी तालुक्यातल्या खेड्यात आहे. जुनं, दगडमातीचं. पुढं ओसरी, मधात माजघर, मागं टिनाची खोली. फायबरचं कनेक्शन घेतलं तेव्हा कंपनीच्या माणसानं बॉक्स ओसरीच्या खिडकीपाशी, कूलरच्या वर ठोकला. तिथं नेट छान चालतं. मुलगी मागच्या खोलीत नीटचा अभ्यास करते, तिथं क्लासचा व्हिडिओ सारखा अडकतो. तक्रार केली की म्हणतात, वरचा प्लॅन घ्या. राऊटर त्यांचाच, बदलूनही देत नाहीत. काय करावं?
— एक भगिनी, जि. वर्धा

उत्तर : ताई, वरचा प्लॅन अजिबात घेऊ नका. ओसरीत नेट छान चालतं, म्हणजे तारेतून घरापर्यंत ते नीट येतंय. अडतंय ते घराच्या आत. ५० एमबीपीएसचे १०० केले तरी माजघराची भिंत पातळ होणार नाही.

तरी एकदा खात्री करा. कोणाचा लॅपटॉप मिळाला तर लॅनच्या (नेटच्या) तारेनं थेट बॉक्सला जोडून वेग मोजा, मग तोच लॅपटॉप मागच्या खोलीत वायफायवर लावून मोजा. तारेवर पूर्ण आणि मागं नाममात्र, तर दोष वायफायचा. तारेवरच कमी दिसला, किंवा बॉक्सवरचा एलओएस लिहिलेला दिवा लाल झाला, तर काम कंपनीचं. आपल्याकडं वानरं तारेला लोंबकळतात, तेव्हा तेही पाहून घ्या.

टेलिफोनच्या लायनी ओढण्यात माझी नोकरी गेली, अशी घरं मी आतून पाहिली आहेत. दोन-दोन फूट भिंतीतून वायफायची लहर जाताना पार थकते. वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतं, त्यातही ५ ची लहर जास्त थकते. आणि तो कूलर! लोखंडी अंग लहर परतवतं, टाकीतलं पाणी आणि ओल्या ताट्या ती शोषून घेतात. बॉक्सला यापेक्षा वाईट जागा घरात शोधून सापडणार नाही.

म्हणून आधी बॉक्स हलवा, याला फारसा खर्च नाही. ओसरीतून माजघरात जाणारं दार आणि तिथून मागं जाणारं दार जिथून एका रेषेत दिसतात, अशा जागी तो माणसाच्या उंचीवर लावून घ्या. लहर भिंतीतून कमी आणि दारातून जास्त जाते. लोखंडी कपाट, फ्रीज आणि कूलरपासून लांब ठेवा. फायबर स्वतः ओढू किंवा दुमडू नका, आत काच असते. कंपनीच्या माणसालाच बोलवा. बहुतेक वेळा तारेचं थोडं वेटोळं शिल्लक ठेवलेलं असतं.

दुसरी गोष्ट. ‘५ गिगाहर्ट्झच वापरा’ हा सल्ला शहरातल्या फ्लॅटसाठी ठीक आहे, कारण तिथं शेजाऱ्यांच्या वायफायनं २.४ चा पट्टा भरून गेलेला असतो. खेड्यात ती गर्दी नसते. मुलीचा फोन २.४ वर ठेवा, आणि त्या पट्ट्यातलं चॅनेल, म्हणजे वायफायची वाट, १, ६ किंवा ११ पैकी एक निवडा. बॉक्सच्या सेटिंगमध्ये नाव, पासवर्ड आणि चॅनेल एवढंच बदला. इंटरनेट जोडणीच्या पानाला हात लावू नका, नाहीतर नेटच बंद पडेल.

एवढ्यानं भागलं नाही तर मागच्या खोलीपर्यंत तार न्या. माझ्या मते तुमच्या घराचा खरा उपाय हाच आहे. पूर्ण तांब्याची कॅट-६ तार घ्या. तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त तार दुकानदार पुढं करेल, ती नको. १०० मीटरपर्यंत ही तार व्यवस्थित चालते, तुम्हाला त्याच्या पाव भागही लागणार नाही. ती घराच्या आतूनच, तुळईच्या कडेनं न्या. अंगणातून उघड्यावर नेऊ नका, आपल्याकडं मृगाच्या आधीच विजा पडायला लागतात. मागच्या टोकाला साधा राऊटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे तारेनं आलेलं नेट नुसतं वायफायवर देणारा म्हणून लावा. त्यावर तसं बटण किंवा मोड नसेल, तर त्याचा आयपी पत्ता कंपनीच्या बॉक्सपेक्षा वेगळा ठेवा, त्याचं डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना आपोआप पत्ते वाटण्याचं काम) बंद करा आणि तार लॅनच्या खाचेत घाला. कंपनीचा बॉक्स जागेवर राहतो, त्यामुळं कोणाची परवानगी नको. मुलगी लॅपटॉप वापरत असेल तर तीच तार थेट त्याला जोडा, वायफायची गरजच नाही.

भिंतीवरच्या प्लगमध्ये खोचायचा रिपीटर दुकानात हमखास सुचवतील. तो मागच्या खोलीत लावला तर त्यालाच लहर अर्धीमुर्धी मिळणार, आणि तेवढीच तो पुढं देणार. माजघराच्या दारात लावलात तर थोडा उपयोग होईल, पण तारेची सर नाही.

मोटर सुरू झाली की बॉक्स बंद होऊन पुन्हा चालू होत असेल, तर राऊटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्या. ॲडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवूनच.

आणि तारेवरचा वेगच कमी निघाला, तर फोनवर वाद घालत बसू नका. तक्रार नोंदवून तिचा नंबर मागून घ्या, वेग मोजल्याचे फोटो तारीख-वेळेसह ठेवा. दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडं जा. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१२ च्या नियमांनी ही सोय प्रत्येक कंपनीला ठेवावी लागते, आणि अपिलाला पैसे पडत नाहीत.