रायझन ५ २६०० वर गेम अडखळतात. प्रोसेसर बदलू, की दुकानदार म्हणतो तसा सगळा सेट?

तुमच्याकडे रायझन ५ २६००, बी४५० मदरबोर्ड, जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम आणि १०८०पीचा १४४ हर्ट्झ मॉनिटर आहे. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये धूर पडला की गेम अडखळतो, सायबरपंक २०७७ तर कायमच जड चालतो, आणि फोंड्याचा दुकानदार बोर्ड, रॅम, प्रोसेसर सगळंच नवं घ्या म्हणतोय.

सगळा सेट अजिबात घेऊ नका. तुमच्या याच बोर्डावर रायझन ५ ५६०० बसतो. दुकानदाराचा गैरसमज होण्याला कारणही आहे: मे २०२० मध्ये एएमडीने बी४५० ला ५६०० ची पिढी मिळणार नाही असं सांगितलं होतं. लोकांनी ओरड केल्यावर त्याच महिन्यात कंपनीने निर्णय फिरवला. नव्या एएम५ सॉकेटच्या (प्रोसेसर बसतो त्या खाचेच्या) बोर्डावर गेलात तर डीडीआर५ रॅमही घ्यावीच लागते आणि खर्च कुठच्या कुठे जातो.

आता ५६०० घ्यायचा का? एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर टाका आणि त्याच्याबरोबर येणाऱ्या रिव्हाट्यूनरमधून जीपीयूचा (ग्राफिक्स कार्डावरच्या चिपचा) वापर स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसेल असं करा. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) आणि फ्रेमची मर्यादा बंद ठेवा. गेम जिथे अडखळतो नेमक्या तिथेच आकडा बघा, मेनूत बघून काही कळत नाही. जीपीयू ९५ ते ९९ टक्क्यांवर असेल तर कार्डाचीच ताकद संपलीय, प्रोसेसर बदलून फारसा फरक पडणार नाही. तो ६०-७० वर रेंगाळत असेल तर कार्ड प्रोसेसरची वाट बघतंय. खात्री करायची तर रिझोल्यूशन ७२०पी करून बघा. फ्रेम तेवढ्याच राहिल्या तर अडचण कार्डात नाही.

टास्क मॅनेजरमधल्या सीपीयूच्या (प्रोसेसरच्या) आकड्यावर मात्र विसंबू नका. २६०० ला १२ थ्रेड आहेत, म्हणजे एकाच वेळी कामं चालवायच्या १२ रांगा. गेमचं मुख्य काम त्यातल्या एकावर येतं, आणि तो एक पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात त्याचे जेमतेम ८ टक्के दिसतात. म्हापशात माझ्याकडे मुलं पीसी घेऊन येतात; ‘सीपीयू निम्मा मोकळाच आहे’ असं समजून महागडं कार्ड घेतलेली असतात आणि गेम पूर्वीसारखाच अडखळत असतो. घरच्यांकडे हट्ट करून मिळवलेले पैसे असे जाताना बघून खरंच जीव हळहळतो.

पैसे काढण्याआधी रॅमही बघा. सीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उघडा. ३२०० ची रॅम असेल तर तिथे साधारण १६०० दिसायला हवं, कारण तो निम्मा आकडा दाखवतो. १०६६ किंवा १२०० दिसलं तर बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी सेटिंग, चालू करा. १६ जीबीची एकच स्टिक असेल तर तशीच दुसरी लावा. रायझनमधले आतले दुवे रॅमच्या वेगावर चालतात, त्यामुळे याचा फरक चांगलाच जाणवतो. तापमानही तपासा. आपल्याकडच्या दमट हवेत धूळ हीटसिंकच्या पट्ट्यांत चिकटून बसते, आणि ९५ अंशांजवळ गेला की २६०० स्वतःच वेग कमी करतो.

हे सगळं ठीक असूनही काउंटर-स्ट्राइकमध्ये जीपीयू रिकामा राहत असेल, तर ५६०० बिनधास्त घ्या. २६०० चे ६ कोर तीन-तीनच्या दोन गटांत विभागलेले, प्रत्येक गटाला ८ एमबी कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी). ५६०० मध्ये सहाही कोर एकत्र आणि ३२ एमबी कॅश सामाईक. गेमला हवी असलेली माहिती जवळच सापडते, म्हणून अडखळणं कमी होतं. सरासरी एफपीएसपेक्षा (सेकंदाला किती फ्रेम) हाच फायदा मला मोठा वाटतो. सायबरपंकला मात्र बहुधा तुमचं कार्डच अपुरं पडतंय, तिथे ५६०० कडून फार अपेक्षा ठेवू नका. रोज काउंटर-स्ट्राइक खेळत असाल तर आधी प्रोसेसर, नाहीतर पैसे कार्डासाठी साठवा.

घेतलात तर जुना प्रोसेसर काढण्याआधीच बायोस अपडेट करा, आणि यूपीएस लावूनच. पावसाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नसतो, आणि अपडेट अर्धवट राहिला तर बोर्ड सुरूच होत नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं फीचर) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, प्रोसेसर बदलल्यावर विंडोज ती मागू शकतं. कूलर काढण्याआधी पीसी दहा-पंधरा मिनिटं चालवून प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट मऊ होऊ द्या, मग बंद करून प्लग काढा, स्क्रू सोडवा आणि कूलर सरळ वर न ओढता डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवा. तुमच्या बोर्डाच्या एएम४ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरलाच असतात. ओढलात तर सॉकेट बंद असूनही तो कूलरला चिकटून वर येतो आणि पिना वाकतात.