ग्रीक तत्त्वज्ञान वाचायला घेताय? प्लेटोच्या छोट्या संवादापासून सुरुवात करा

जाडजूड इतिहासग्रंथाने सुरुवात करू नका. पहिला ग्रीक तत्त्वज्ञ मानल्या जाणाऱ्या थेलीसपासून क्रमाने निघालात तर नावांच्या गर्दीतच दमछाक होईल. सरळ प्लेटोचा ‘युथिफ्रो’ घ्या, एका बैठकीत वाचून होतो. स्वतःवरच्या खटल्यासाठी आलेल्या सॉक्रेटिसला न्यायालयापाशी युथिफ्रो भेटतो. हा गृहस्थ चक्क बापावर मनुष्यवधाचा खटला भरायला आलाय, आणि पवित्र काय ते आपल्याला पक्कं ठाऊक आहे म्हणतो. सॉक्रेटिस विचारतो: देवांना आवडतं म्हणून ते पवित्र, की पवित्र आहे म्हणून देवांना आवडतं? इथे पुस्तक मिटा आणि आधी स्वतः उत्तर द्या. खरंच द्या, नुसतं पुढे वाचत जाऊ नका. पुढे इस्लामी आणि ख्रिस्ती विचारवंत याच पेचाशी शतकानुशतकं झगडले.

ॲरिस्टॉटलची मात्र घाई नको. त्याचं आज उपलब्ध असलेलं लेखन बरंचसं व्याख्यानांच्या टिपणांसारखं आहे, सुरुवातीला रुक्ष वाटतं. नीतिशास्त्रावरच्या त्याच्या ‘निकोमाखियन एथिक्स’चे पहिले दोन भाग सध्या पुरेत. मग स्पेनमधल्या कोर्दोबाच्या इब्न रुश्द या मुस्लिम तत्त्वज्ञाकडे (११२६–११९८) वळा. त्याची ॲरिस्टॉटलवरची अरबी भाष्यं तेराव्या शतकात लॅटिनमध्ये गेली आणि ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस त्याचा उल्लेख नुसता ‘भाष्यकार’ असा करू लागला. युरोपीय विद्यापीठांत ॲरिस्टॉटल रुजला, त्यात या भाष्यांचा मोठा वाटा आहे.